दुकानात क्ष कुठं असतंय: सेल, जीएसटी आणि किलोचा भाव

ताई, आधी तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर देऊन टाकते. तुम्ही लिहिलंय की बेळगावच्या गणपत गल्लीत २०% सूट लावून १२०० ला शर्ट घेतला, लेबल कुठंतरी पडलं, घरी आल्यावर मूळ किंमत काय असेल म्हणून मिस्टरांनी १२०० चे २०% म्हणजे २४० मिळवून १४४० काढले, दुकानदार मात्र फोनवर १५०० म्हणतोय, मग खरं कोण. दुकानदार खरा. आणि आठवीतला तुमचा मुलगा जे विचारतोय की ही क्ष-ची समीकरणं शाळेबाहेर कुठं लागत्यात, त्याचं उत्तर पण याच शर्टात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी रविवार पेठेतल्या होलसेल किराणा दुकानांचे हिशेब लिहिते आणि संध्याकाळी आठवी ते एसएसएलसीच्या (दहावीच्या) मुलांची गणिताची शिकवणी घेते, त्यामुळं हा प्रश्न मला दोन्हीकडनं भेटतोय.

सूट कशावर दिली? १२०० वर नाही, लेबलावरच्या किमतीवर. ती किंमत आपल्याला माहीत नाही, मग तिलाच क्ष म्हणायचं आणि दुकानदार तोंडानं जे बोलला तेच कागदावर उतरवायचं, क्ष मधनं क्ष-चे २०% गेले आणि १२०० राहिले.

क्ष − ०.२क्ष = १२००
०.८क्ष = १२००
क्ष = १२०० ÷ ०.८ = १५००

ताळा करून बघा, १५०० चे २०% म्हणजे ३००, ते वजा केले की १२०० येतात. मिस्टरांच्या १४४० चा ताळा केला तर १४४० चे २०% म्हणजे २८८, वजा केले की ११५२, जुळत नाही. त्यांनी टक्के १२०० चे घेतले, दुकानदाराने क्ष-चे घेतले होते, चूक एवढीच. माझ्याकडं हिशेब घेऊन येणाऱ्या दहातल्या बऱ्याच जणांची अडचण हीच असते, बेरीज-भागाकार सगळ्यांना येतोय, पण टक्के कशाचे हे विचारायचं राहून जातंय. २०% असा सुटा आकडा नसतोच, कशाचे तरी २०% असत्यात, आणि तो "कशाचे" जिथं आहे तिथं क्ष ठेवायचा. मुलाला सांगायचं तर हे एकच सांगा, बाकी पुस्तकात आहे.

आता तुम्ही विचारलेला दुसरा बोर्ड, "५०% + २०%". हे ७०% नव्हे. आधी क्ष-चा ०.५क्ष झाला, मग २०% गेले ते या ०.५क्ष-चे गेले, म्हणून उरले ०.८ × ०.५क्ष = ०.४क्ष. म्हणजे सूट ६०%. दोन हजाराच्या ड्रेसला ६०० द्यायचे असं मनात धरून गेलात तर काउंटरवर ८०० चं बिल येतंय, आणि मागं लाईन असली की आपण विचारत पण नाही. क्रम उलटा केला, आधी २०% मग ५०%, तरी ०.४क्ष-च येणार कारण गुणाकारात मागं-पुढं केलं तरी फरक पडत नाही. "दोन घ्या एक फुकट" म्हणजे तीन नगांना दोनाचे पैसे, सूट ३३ टक्क्यांच्या जरा वर, आणि एकावर एक फ्री म्हणजे ५०%, पण तेव्हाच जेव्हा दुसरा नग तुम्हाला खरोखर पाहिजे होता.

इथं मी हिशेब लिहिणारी म्हणून एक आतली बाजू सांगते. दुकानदाराला माल १०० ला पडला आणि त्याला २०% सूट देऊन पण निदान मुद्दल निघायला पाहिजे असेल तर लेबल किती लावायला लागेल? ०.८क्ष = १००, क्ष = १२५. म्हणजे २०% सूट द्यायला २५% चढवायला लागत्यात. ५०% सूट द्यायची तर लेबल २००, आणि वरच्या ६०% ला लेबल २५०. यात भाडं, लाईट, पोरांचा पगार काहीच धरलं नाही अजून. म्हणून वर्षाचे बारा महिने ५०% चा बोर्ड असेल तिथं लेबलाची किंमत बघूच नका, हातात येणारी किंमत बघा आणि शेजारच्या दुकानात तसाच माल केवढ्याला आहे ते बघा. सीझन संपल्यावरचा शिल्लक माल, साईज तुटलेला माल, तिथं मात्र दुकानदार खरंच मुद्दल सोडवायला विकतोय, तिथली सूट खरी असते. व्यापारी "पंचवीस टक्के सुटत्यात" म्हणतोय तेव्हा पण बहुतेक खरेदीवरचे टक्के असत्यात, तोच फायदा विक्रीवर धरला तर १२५ मध्ये २५ म्हणजे २०%. दोघं दोन आकडे सांगत्यात आणि दोघं खरं बोलत्यात, कशाचे ते वेगळं आहे.

जीएसटीचं पण तसंच, आणि इथं जास्त पैसे अडकत्यात म्हणून थांबून बघू. मिक्सरचं बिल ११८० आहे, त्यात १८% जीएसटी आला, मूळ किंमत किती? बरेच जण ११८० चे १८% काढून २१२ वजा करत्यात आणि ९६८ म्हणत्यात. टॅक्स ११८० वर लागलेला नाही, क्ष वर लागलाय. १.१८क्ष = ११८०, क्ष = १०००, टॅक्स १८०. बिल हातात घेऊन बघा, कर्नाटकातल्या कर्नाटकात घेतलं तर सीजीएसटी (केंद्राचा) ९०, एसजीएसटी (राज्याचा) ९० असं दोन ओळीत दिसेल. आमच्यात कोल्हापूर-पुण्याहून पार्सलने माल मागवणारे पुष्कळ आहेत, त्यांच्या बिलावर दोन ओळींऐवजी आयजीएसटी (दुसऱ्या राज्यातनं आलेल्या मालाचा) १८० अशी एकच ओळ येते, त्याला घाबरायचं कारण नाही, टक्का तोच आहे.

आता कपड्याच्या दुकानातली एक गोष्ट. लेबलावर एमआरपी १०५० आहे, ती सगळे टॅक्स धरून असते, कायद्यानेच तसं आहे. ५% टॅक्स धरला तर १.०५क्ष = १०५०, क्ष = १०००. वर २०% सूट. दुकानदाराने सूट १००० वर देऊन ८०० केले आणि त्यावर ५% लावले तर ८४०. नाहीतर सरळ १०५० वर २०% दिली तरी ८४०. दोन्ही रस्ते एकाच ठिकाणी येत्यात. पण काही ठिकाणी १०५० वर सूट देऊन ८४० करत्यात आणि खाली "जीएसटी एक्स्ट्रा" म्हणून परत ५% चढवत्यात, बिल येतंय ८८२. हे वरचे ४२ रुपये म्हणजे एकदा घेतलेला टॅक्स दुसऱ्यांदा. "अहो, एमआरपीत टॅक्स आलाय की, मग परत कशाला?" एवढं शांतपणे विचारायचं, आवाज चढवायला लागत नाही, कॅल्क्युलेटर काउंटरवर असतोच, त्यांनाच भागायला सांगा.

कपड्यांचा आणखी एक मुद्दा तुमच्या कामाचा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्याच्या एका नगाची किंमत टॅक्स सोडून २५०० पर्यंत असेल तर ५% आणि त्याच्या वर गेली तर १८%. तर समजा टॅक्स सोडून २७०० चा कुर्ता आहे, त्याला १८% लागून ३१८६ होत्यात. दुकानदाराने १०% सूट दिली की किंमत आली २४३०, ती २५०० च्या आत, मग टॅक्स ५%, बिल २५५१.५०. बोलायला सूट १०% पण खिशातले ६३४ रुपये वाचले, जवळजवळ २०%. म्हणजे २५०० च्या जरा वरच्या कपड्याला थोडीशी घासाघीस करायला फार अर्थ आहे. किती सूट मागायची ते पण काढता येतंय, २७०० × (१ − क्ष) = २५००, क्ष येतोय ०.०७४ म्हणजे साडेसात टक्के मागितले की काम झालं.

भाजी बाजारात समीकरण सगळ्यात पटकन होतंय. "पाव किलो पंधरा, किलो पन्नास" असं भाजीवाली सांगते, कधी कन्नडमध्ये सांगेल, आकडे तेच. पावाच्या भावाने किलो पडतंय ६०, म्हणजे किलोला १० रुपये जास्त. मग किलोच घ्यायचं? थांबा की. किलो घेऊन त्यातली किती भाजी खराब झाली तर फायदा गेला? किलोचे ५० दिले आणि वापरली क्ष किलो, तर खरा भाव ५० ÷ क्ष. तो ६० च्या बरोबरीला आला की ५० = ६०क्ष, क्ष = ०.८३. म्हणजे किलोतली पाव किलोपेक्षा कमी, साधारण १७० ग्रॅम भाजी टाकून द्यायला लागली तरी सगळा फायदा पाण्यात. टोमॅटो, कांदा चालतोय, मेथी-कोथिंबिरीला चार माणसांच्या घरात पावच बरा.

तांदळाच्या बॅगेचं बघा. २५ किलोची बॅग १५०० ला आणि २६ किलोची १४९५ ला शेजारी शेजारी ठेवलेली असते, लोक म्हणत्यात पाचच रुपयाचा फरक आहे, कुठली पण दे. किलोचा भाव काढा, पहिली ६० पडते, दुसरी ५७.५०. २६ किलोला अडीच रुपयाच्या हिशेबाने ६५ रुपये फरक आला. आणि हे २६ किलोचं विचित्र पॅकिंग आलं कुठनं तर १८ जुलै २०२२ पासून लेबल लावलेल्या २५ किलोपर्यंतच्या तांदूळ, डाळ, पिठाच्या पॅकिंगला ५% जीएसटी आहे, त्याच्या वरच्याला नाही. २५ किलोच्या बॅगेचा टॅक्स सोडून भाव काढला, २५ × १.०५ × क्ष = १५००, तर क्ष = ५७.१४, म्हणजे आतला तांदूळ दुसऱ्यापेक्षा किंचित स्वस्तच होता, टॅक्सने महाग केला. होलसेलमध्ये काम करताना हे रोज डोळ्यासमोर असतंय म्हणून सांगितलं, घरी एवढं खोलात जायची गरज नाही, किलोचा भाव काढला की पुरे.

पाकिटातल्या मालाला मात्र डोळ्यात तेल घालून बघायला पाहिजे. दहा रुपयाचं बिस्किट दहालाच राहतंय, आतलं वजन ५० ग्रॅमचं ४० होतंय. वजन २०% कमी झालं म्हणजे भाव २०% वाढला असं वाटतंय, तसं नाही. आधी ग्रॅमला २० पैसे, आता २५ पैसे, वाढ २५%. वजनातले ट टक्के कमी केले तर भाव १ ÷ (१ − ट/१००) पट होतोय, वजन निम्मं केलं तर भाव दुप्पट, म्हणजे १००% वाढ. पाकिटावर एमआरपीच्या जवळपास आता ग्रॅमचा किंवा किलोचा भाव पण छापायला लागतोय, बारीक अक्षरात असतोय पण असतोय. दोन कंपन्यांची पाकिटं घ्या आणि तेवढी एक ओळ बघा, भागाकार त्यांनीच करून ठेवलाय. मोठं पाकिट नेहमी स्वस्त पडतंय हे पण खरं नाही, फॅमिली पॅक महाग पडलेला मी बऱ्याचदा बघितलाय.

उन्हाळ्यात तिखट करायचं असतंय तेव्हा जे समीकरण लागतंय ते मला सगळ्यात आवडतंय. समजा ५ किलो मिरची घ्यायची, रंगाला ब्याडगी आणि तिखटपणाला गुंटूर, ब्याडगी ४०० रुपये आणि गुंटूर २५० (भाव हिशेबापुरते धरलेत, त्या दिवशीचा भाव घाला). घरातनं १६०० रुपये मिळालेत. ब्याडगी किती घ्यायची? ब्याडगी क्ष किलो, मग गुंटूर आपोआप ५ − क्ष. इथं मुलं अडकत्यात, दोन वस्तू म्हणून दोन अक्षरं घेत्यात, गरज नाही, एक कळली की दुसरी उरलेली.

४००क्ष + २५०(५ − क्ष) = १६००
१५०क्ष + १२५० = १६००
क्ष = ३५० ÷ १५०, म्हणजे २.३३

सव्वादोन किलो ब्याडगी आणि पावणेतीन किलो गुंटूर घ्यायचं, १५८७ रुपये होत्यात, बजेटमध्ये बसतंय. याला तोंडी हिशेब पण आहे. पाचही किलो गुंटूर घेतली तर १२५०, हातात ३५० जास्तीचे आहेत, एक किलो गुंटूरच्या जागी ब्याडगी घातली की १५० वाढत्यात, ३५० मध्ये असे सव्वादोन बदल बसत्यात. जुन्या बायका हे असंच मनात करत्यात, क्ष न लिहिता. मुलाला दोन्ही दाखवा, वरच्या दुसऱ्या ओळीतला १५० म्हणजे हाच बदलाचा खर्च हे त्याच्या लक्षात आलं की समीकरण पाठ करायला लागत नाही.

आता बस्त्याचं. निपाणीकडचे लोक लग्नाचा बस्ता बांधायला कोल्हापूरला जायचं का इथंच घ्यायचं यावर घराघरात वाद घालत्यात. निपाणी-कोल्हापूर साधारण ४० किलोमीटर, येऊन-जाऊन ८०. गाडी लिटरला १५ देत असेल आणि पेट्रोल १०५ धरलं तर ५६० रुपये पेट्रोल, टोल, पार्किंग, सगळ्यांचं जेवण धरून २००० म्हणू. कोल्हापुरात तोच माल १०% स्वस्त मिळत असेल तर निदान क्ष रुपयांची खरेदी पाहिजे जिथं ०.१क्ष = २०००, म्हणजे वीस हजार. फरक ४% चाच असेल तर पन्नास हजार. वीस-पंचवीस साड्यांचा बस्ता असेल तर जा, दोन साड्यांना जाऊ नका, निदान स्वस्त पडतंय म्हणून तरी नको. अंबाबाईचं दर्शन घ्यायचं म्हणून जात असाल तर तो खर्च या हिशेबात धरायचाच नाही, तो वेगळा.

पेट्रोलचं पण तेच. पेट्रोल-डिझेल जीएसटीत नाही, दोन्ही राज्यांचा टॅक्स वेगळा म्हणून कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडं-पलीकडं भाव वेगळा. लिटरला २ रुपयाचा फरक आणि कारमध्ये ३० लिटर भरायचं तर वाचले ६०. गाडीला किलोमीटरला ७ रुपये लागत्यात, मग ७क्ष = ६०, क्ष साडेआठ. येऊन-जाऊन साडेआठ, म्हणजे पंप सव्वाचार किलोमीटरच्या पलीकडं असेल तर मुद्दाम जाण्यात नुकसानच आहे. वाटेवर असेल तर भरा, चांगलंच.

सोन्याचं थोडक्यात सांगते. ग्रॅमचा भाव हिशेबाला सोपा म्हणून १०,००० धरू, मजुरी १२%, वर ३% जीएसटी. एक लाखात १० ग्रॅम येतील असं वाटतंय, पण १०,००० × १.१२ × १.०३ × क्ष = १,००,०००, क्ष = ८.६७ ग्रॅम. दुकानात जायच्या आधी हे काढून जा, म्हणजे १० ग्रॅमची डिझाईन बघून मन बसायच्या आधीच बजेट कळतंय. आणि घासाघीस मजुरीच्या टक्क्यावर करा, भाव आणि टॅक्स कुणाच्या हातात नसतोय.

मुलाचं म्हणाल तर त्याला गणित म्हणून बसवू नका, पिशवी देऊन सोबत न्या आणि बिल यायच्या आधी त्याच्याकडनं आकडा काढून घ्या, पाच-दहा रुपये इकडंतिकडं झाले तरी चालतंय. एक कोडं देते, हॉटेलात दोन टेबलांची बिलं आहेत, एकाचं २ मिसळ आणि ३ चहा १९०, दुसऱ्याचं ३ मिसळ आणि २ चहा २६०. मेनू न बघता मिसळ केवढ्याला आणि चहा केवढ्याला? एसएसएलसीची मुलं इथं पहिल्या समीकरणाला ३ ने आणि दुसऱ्याला २ ने गुणत बसत्यात. तो म्हणेल ही दोन क्ष-ची गणितं आम्हाला अजून आली नाहीत, तर म्हणावं दोन्ही बिलं नुसती मिळव. ५ मिसळ आणि ५ चहा ४५०, म्हणजे एक मिसळ आणि एक चहा ९०. मग पहिल्या बिलातनं अशा दोन जोड्या, १८०, काढून टाकल्या तर एक चहा उरतो, १० रुपये, आणि मिसळ ८०. दुसऱ्या बिलात घालून ताळा त्यालाच करू दे, २६० यायला पाहिजेत.